बेचिराग गावातला बल्ब

लिहायला बसलोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि परीक्षेच्या पेपराशिवाय मी फारसं काही लिहिलेलं नाही. पण शेजारच्या आजोंबद्दल कोणीतरी लिहायला हवं. मसुऱ्यापलीकडचं आमचं छोटं गाव जगात आहे की नाही, याची खरी काळजी साऱ्या पृथ्वीवर फक्त या एका माणसाला होती.

कारण जुनं आहे. आमच्याकडे काही वर्षांनी देवाचा कौल झाला की गावपळण होते. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी वेशीबाहेर झोपड्या घालून राहतात आणि देवाने परत बोलावल्यावरच घरी येतात. आजो तरुण असताना नेमक्या त्याच दिवसांत कोणी घाटावरचा अधिकारी गावाची पाहणी करायला आला. दारं बंद, चुली थंड, भुंकायला कुत्रंसुद्धा नाही. त्याने लिहून टाकलं, बेचिराग. सरकारी भाषेत बेचिराग म्हणजे वस्ती नसलेलं गाव. आणि जिथे माणूसच नाही तिथे रस्ता कशाला? आजारी माणसाला आम्ही अजूनही खुर्चीत बसवून, खांद्यावरून डांबरापर्यंत नेतो. आजोंच्या घरच्या आजी तशाच निघाल्या होत्या. डांबर दिसायच्या आधीच गेल्या. आजो हे कधी बोलत नाहीत.

बोलतात ते लोकसंख्येबद्दल. गावात बाळ जन्मलं की पहिला नारळ आजोंचा. नवी सून आली की तिच्या आईबापांपेक्षा यांनाच जास्त आनंद. मात्र मुलगी सासरी निघाली की मांडवात रुसून बसणार. माझ्या ताईच्या लग्नात त्यांनी नवऱ्यामुलाला बाजूला घेऊन विचारलं होतं, "जावयबापू, हयच ऱ्हवलात तर काय बिघडात?" कसालला एसटीत चढले की तिकीट आमच्याच गावाचं मागणार. कंडक्टर म्हणणार, असा थांबाच नाही. आजो म्हणणार, "मगे मी खंयसून इलंय? आभाळातसून?"

बेचिराग हा शब्द फारसीतला, दिवा नसलेलं असा त्याचा अर्थ, हे मला कॉलेजात सरांकडून कळलं. मी हौसेने घरी सांगितलं आणि त्या दिवसापासून आजोंच्या पडवीतला, शेजारच्या गावाच्या लाइनीवरचा, बल्ब भर दुपारीही जळू लागला. आई ओरडली तर म्हणाले, "जळांदे गो! बघूंदेत मेले." पुढे मी त्यांना मोबाईलवर इराणातल्या एका फारसी बोलणाऱ्या खेड्याची माहिती दाखवली. डोंगरातली मूठभर घरं, पण जिल्हा, तालुका, लोकसंख्या, सगळं व्यवस्थित नोंदलेलं. आजोंनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला. "तेंच्या शब्दान आमका बुडवल्यानी, आणि सोताचो गाव बरो लिवन ठेवल्यानी!" तरी पुढे मी घरी आलो की हटकून चौकशी व्हायची, "इराणवाले बरे आसत मा?"

तालुक्याच्या कार्यालयात प्रमाण मराठी बोलायला ते मला सोबत नेत. मी अडखळे, आणि शेवटी तेच बोलत. अखेर एका साहेबांनी पाहणीचा दिवस ठरवला, तर तो नेमका पुढच्या गावपळणीत! मी घाबरलो. आजोंनी हात जोडले. "सायबानू, देवाची तारीख बदलाची नाय. तुमची बदला." साहेब हसले आणि त्यांनी बदललीही.

पण तोवर आजोंचे गुडघे गेले. त्यांच्या लेकीने त्यांना फोंडाघाटला आपल्या घरी नेलं. निघताना तिने बल्ब बंद करायला हात वर केला, तर तेवढ्यावरून ते खुर्चीतून उतरायला निघाले.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. पाहणी होऊन गाव वस्तीचं म्हणून दप्तरात लागलं होतं. आजोंना फोनवर धड ऐकू येत नाही, म्हणून मी फोंडाघाटला गेलो आणि त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. वाटलं, रडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "माझा घर मोजणीत धरल्यानी?"

"धरल्यानी. कुलूप होता, पण बल्ब पेटलेलो बघून आईक इचारल्यानी. ती म्हणाली, मालक लेकीकडे गेलेत, येतले."

आजोंनी काठी ओढून घेतली. लेक दारात उभी होती, पण ते माझ्याकडेच बघत होते.

"मगे उठ, झिला. माका घराक घेवन चल. नायतर ती नोंद खोटी पडात."