मिळवली नव्हे, मिळाली

पद्माक्काचा नवरा चर्चच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढून आला, तेव्हा 'देवाची स्तुती असो' असं मी तोंडाने म्हटलं खरं, पण पोटात चांगलंच दुखलं. अर्धांगवायूचा झटका त्यालाही आला होता आणि आमच्या ह्यांनाही. तो चालायला लागला. ह्यांची वाचा मात्र गेली ती गेलीच. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस पाणी हवं असलं तरी नुसता घशातून आवाज काढायचा. मी लहानपणापासून मंडळीत वाढलेली. उपासना कधी चुकवली नाही, संडे स्कूल चालवलं, नाताळच्या गाण्यांचा सराव घेतला. आणि पद्माक्का सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातली, शेजारणीचं बघून परवापरवा येऊ लागलेली. उपास आम्ही करायचे आणि पारणं तिने फेडायचं, असला हा न्याय.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी नेमका द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला घेतला. सकाळपासून राबलेल्यांना जेवढी मजुरी, तेवढीच दिवस मावळताना आलेल्यांनाही. कृपा म्हणतात ती हीच, असं ते म्हणाले. मला हा दाखला कधीच आवडला नाही. मी सकाळच्या मजुरांच्या बाजूची. सोलापूरच्या उन्हात राबून बघा, मग बोला, असं मनात म्हणत मी बसून होते. वर उपासनेनंतर त्यांनी मला सांगितलं, की पुढच्या रविवारी पद्माक्का साक्ष देणार आहे, देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणार आहे. तिचं मराठी कच्चं आहे, तेवढं तुम्ही बसवून घ्या. म्हणजे जखम माझी आणि मीठही मीच चोळायचं. पण नाही म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चिंचेच्या भाताचा डबा घेऊन आली. पुढच्या खोलीत ह्यांची कॉट होती, तिथेच बसलो. ती खुशीत होती आणि तिची खुशी मला बघवत नव्हती. "बाई, मी देवाची लई कृपा मिळवली," असं तिने सुरू केलं. मी म्हटलं, मिळवली नव्हे, मिळाली. नोकरी मिळवतो, मार्क मिळवतो, ते आपल्या कष्टाने. कृपा कुणी मिळवत नाही, ती मिळते. तिची चूक सापडल्याचं मला समाधानच वाटत होतं. ती पुन्हा 'मिळवली' म्हणाली. मी पुन्हा सुधारलं, आणि या वेळी माझे शब्द माझे मलाच ऐकू आले. मग मी इतके दिवस काय करत होते? एकेक रविवार देवापुढे मांडून ह्यांची वाचा मिळवायलाच तर बसले होते. तोंडाने शिकवत होते कृपा आणि मनात मागत होते मजुरी. पद्माक्का आपली म्हणतच होती, आणि तिसऱ्यांदा चुकली.

तेव्हा कॉटवरून जड, फाटका आवाज आला.

"मि...ळाली."

हे बोलले होते. मी उठून उभी राहिले. पद्माक्का आधी दचकली, मग हसली, मग माझा हात धरून रडायलाच लागली. "सर बोलले की, बाई," एवढंच ती म्हणत राहिली. खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की एवढी सेवा मी केली आणि पहिला शब्द हिला. आनंदाच्या घटकेलाही मत्सर आधी पुढे धावला. मग मीही रडले, तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून.

डॉक्टर म्हणाले, या आजारात शब्द असे हळूहळू परत येतात. असेल, मी वाद घालत नाही. मी देवाचे आभार मानते. हे आता पाणी म्हणतात, पंखा म्हणतात. माझं नाव अजून त्यांच्या ओठांवर आलेलं नाही. ते ऐकायला मी आसुसलेली आहे, पण ते कधी यायचं हे ठरवणं माझ्या हातात नाही, हे आता पटलंय. पद्माक्का चार दिवस फिरकली नाही, की हे दाराकडे बघून स्वच्छ "अक्का?" असं विचारतात. पोटात अजूनही थोडं दुखतं. तरी फोन मीच लावते आणि तिला म्हणते, येऊन जा गं, तुझी वाट बघतायत.