दगडावरचा स्वल्पविराम

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आणि माझ्यासारख्याने एखादी गोष्ट कुणालाच सांगितली नाही म्हणजे – तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगतो – कृष्णेला पूर यावा आणि घाटाची एक पायरीसुद्धा भिजू नये, तसलाच प्रकार. माझ्या पोटात काही राहत नाही. सांगलीच्या बाजारात गुळाच्या ढेपेला लागलेला मुंगळा मी एवढा फुगवून सांगितला होता की ऐकणारा गाडीवान बैल सोडून त्यालाच गाडीला जुंपायला निघाला. बायकोला, बायकोच्या माहेरच्यांना, शाळा तपासायला आलेल्या दिपोटी साहेबांना, सगळ्यांना सगळं सांगून झालंय. ही एवढीच गोष्ट राहिली. सात वर्षं राहिली.

कुठून सुरू करू? दगडापासून करतो. दगड सोपा आहे.

मी या गावच्या शाळेत मास्तर म्हणून आलो तेव्हा नवखा होतो, किडकिडीत होतो, आणि मला कुणी विचारत नव्हतं. मग मी गोष्टी सांगायला लागलो. त्यातलीच एक – जुन्या काळी कुणी सरदार पळता पळता आपल्या घाटाजवळ ठेव पुरून गेला. पोरं ऐकत राहिली. पण एक जण म्हणालाच, "गुरुजी, पुरावा काय?" आता पुरावा कुठला आणायचा? उन्हाळ्याच्या सुट्टीत, भर दुपारी, सगळं गाव पालथं पडून घोरत असताना मी छिन्नी-हातोडा घेऊन नदीवर गेलो आणि घाटाशेजारच्या काळ्या दगडावर बाळबोध अक्षरांत कोरलं: वडापासून शंभर पावले, तेथे ठेव आहे.

वर ताक आणि राख चोळली. पहिल्या पावसाळ्यानंतर तो दगड माझ्या आजोबांच्याही आजोबांचा वाटायला लागला.

मग काय सांगू! शंभर पावलं खरी, पण कुणाची? यावर गावात दोन तट पडले. तालमीतला एक जण ढांगा टाकत थेट उसात जाऊन पोचला. रजेवर आलेल्या एका फौजीने लेफ्ट-राइट करत पावलं मोजली, तो सुताराच्या परसात निघाला. सुताराने त्याला हाकललं आणि मग स्वतःच खणायला घेतलं. इतके खड्डे झाले की त्या साली पाऊस नदीत न जाता खड्ड्यांतच राहिला. दगडाला हळदकुंकू लागलं. आणि दगडाचा अर्थ सांगणारा म्हणून माझ्याभोवती माणसं जमू लागली. मी गावचा झालो.

इथपर्यंत हसायला हरकत नाही. मीही हसत होतो.

पुढे सातवीच्या वर्गाला मी एक निबंध लावला – ‘आपल्या भागातले न उलगडलेले कोडे’. नुसता निबंध नव्हे, शोधनिबंध. महायुद्धामुळे कागद मिळत नव्हता, तरी लावला. तीन नियम फळ्यावर लिहून दिले. ज्याला ठाऊक असेल त्याला जाऊन विचारा. स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कोणी काय सांगितलं ते त्याच्या नावानिशी लिहा. शिकवायला मी वाईट नव्हतो, हे खोटं नाही. पोरं कामाला लागली. एकाने म्हसवडच्या यात्रेत हरवलेला खोंड दहा दिवसांनी एकटाच घरी कसा आला याचा छडा लावायला घेतला. दुसऱ्याला कराडचा संगम हवा होता. दोन नद्या समोरासमोर येऊन धडकतात, मग मागे कोण सरतं? मी त्यांच्यासोबत हिंडलो. प्रश्न कसा विचारायचा, म्हातारी माणसं गप्प झाली तर आपणही कसं गप्प बसायचं, ते दाखवलं.

पद्माने दगड घेतला.

पद्मा म्हणजे दादगोंडा अण्णांची थोरली. अण्णांचं जैनांचं घर, हळदीची शेती, आणि सांगलीच्या पेठेत बहीण दिलेली. गावची शाळा सातवीला संपायची. निबंध लावला त्याच आठवड्यात अण्णा माझ्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "मास्तर, पोरगी काय लिवती ते वाचा आन् मला सांगा. डोकं हाय म्हणाला तर सांगलीला आत्याकडं धाडतो, म्होरं शिकंल. न्हाई म्हणाला तर लगीन बघतो. तुमच्या शब्दावर हाय सगळं."

माझ्या शब्दावर! एवढा मान मला कुणी दिला नव्हता.

पद्माने आठ पानं लिहिली. ती पानं मला अजून तोंडपाठ आहेत – सांगू का? नावाड्याला तिने विचारलं होतं. तो म्हणाला होता, "त्या दगडाला मी तीस वर्सं नावंचा दोर बांधतोय. अक्षरं आली ती मास्तर आल्यावर." हे तिने त्याच्या नावानिशी, त्याच्याच बोलीत उतरवलं होतं. मग घरातल्या जुन्या कागदांची पेटी उपसली होती. पणजोबांच्या वेळची पत्रं, सनदा, देवळातल्या पोथ्या. आणि सातव्या पानावर लिहिलं होतं: ‘जुन्या कागदांत कोठेही स्वल्पविराम आढळत नाही. दगडावर मात्र स्वल्पविराम आहे.’

आठव्या पानावर निष्कर्ष: ‘सबब हा लेख जुना नाही. कोरणारा शाळा शिकलेला असून अद्याप हयात असावा.’

हयात असावा. मी होतो. घामाने निथळत होतो.

तुम्हाला माझा आणि स्वल्पविरामाचा संबंध ठाऊक नाही. अख्ख्या तालुक्यात स्वल्पविरामासाठी हातावर छडी मारणारा मास्तर मी एकटा. छिन्नी चालवतानाही हात आपोआप तिथे थांबला होता आणि ती शेपटी काढून पुढे गेला होता. माझं चिन्ह नेमकं कसं, तर शेवटी वर वळलेलं, विंचवाच्या नांगीसारखं. पोरं त्याला ‘गुरुजींचा विंचू’ म्हणायची. पद्माने निबंधात ते लिहिलं नव्हतं. तिच्या ध्यानात आलं नव्हतं की तिने मला राखलं होतं? हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. आणि मी – आता आलोच आहे तिथे, तर सरळ सांगतो – मी त्यांना म्हणालो, "अण्णा, पोरगी मनाचं फार रचते. बुडाला काही नाही. घरीच बरी." मनाचं रचते. हे मी म्हणालो. अण्णांनी पायांत वहाणा सरकवल्या, म्हणाले, "बरं," आणि गेले.

पद्माने मात्र वही परत घेताना एकच विचारलं. "गुरुजी, नेमकं कुठलं वाक्य चुकलं?"

मी आठही पानं उलटली. चुकलेलं वाक्य सापडेना. पोरगी समोर उभी, सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय. शेवटी तिसऱ्या पानावर एक जागा सापडली. तांबड्या शाईने मी तिथे एक स्वल्पविराम काढला. म्हणालो, "हा राहिलाय."

तिने त्या तांबड्या खुणेकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग वही मिटून घरी गेली.

त्या रविवारी अण्णा आणि पद्मा घाटावर गेले, हे मला नावाड्याकडून कळलं. बापाने तिसरं पान उघडून दगडाशेजारी धरलं होतं म्हणे. "पान बगत्यात, दगूड बगत्यात, पुन्यांदा पान बगत्यात," नावाडी मला सांगत होता, "काय वाचीत हुते कुणास ठावं." मला ठाऊक होतं. गावातून निघून जायचं म्हणून मी ट्रंकेत दोन धोतरं भरली. चार दिवस वाट बघितली. चावडीवर काही नाही. देवळात काही नाही. पाचव्या दिवशी रस्त्यात अण्णाच समोर आले. म्हणाले, "मास्तर, पोरगी सांगलीला आत्याकडं पोचती केली. तुमच्या शेऱ्यानंच ठरलं बगा." आणि पाठीवर हात ठेवून पुढे गेले. एवढंच. त्यांनी नाही सांगितलं, तिनेही नाही.

गावाला वाटलं, मास्तरांनी पोरीला पुढे धाडलं. पोरींना शिकवणारा मास्तर म्हणून माझं नाव झालं. पुढच्या साली आणखी दोघींचे बाप माझ्याकडे आले, त्यानंतर चौघींचे. त्यांना मी खरं ते सांगितलं: पाठवा. पण पद्माच्या वेळी गावाने आणलेला हार मी मान खाली घालून गळ्यात घेतला, आणि दारावर वाळेपर्यंत ठेवला.

या जूनपासून पद्मा आमच्याच शाळेत बाई म्हणून आली आहे. माझ्या शेजारचा वर्ग. आवाज खणखणीत, फळ्यावर अक्षर सुरेख. काल तिने सातवीला निबंध लावला – तोच. भिंतीपलीकडून तेच तीन नियम ऐकू आले. एका पोरीने विचारलं, "बाई, घाटावरच्या दगडाचं कुणाला ठाऊक असंल?"

मी इकडे खडू हातात धरून उभा.

पद्मा म्हणाली, "गुरुजींना विचार. लय वर्सं झाली, त्यांना कुणी विचारलंच न्हाई."

ती पोरगी सोमवारी येणार आहे, वही-पेन्सिल घेऊन. ओट्यावर घोंगडं अंथरून ठेवतो. ती विचारील, मी सांगीन, आणि ती ते माझ्या नावानिशी लिहील. तिच्यासाठी दोन वाक्यं तयार ठेवलीत. एरवी माझ्या वाक्याला शेपूट फार, हे तुम्ही पाहिलंच. ही छोटी आहेत.

दगड मी कोरला. पद्माच्या बापाशी मी खोटं बोललो.