बोंबील मावतो तेवढ्या जाळीतून

मासळीवाल्या मावशी नसत्या तर हा ब्लॉग नसता. ते आधी सांगते, मग बाकीचं.

मी हिंगोलीकडची. नववीत शाळा सुटली. आता तिकडून लांब, विचुंबे गावात एका घरी चोवीस तासांच्या कामाला आहे, आजींना सांभाळायला. आजींना काही आठवत नाही, दार उघडं दिसलं की चालू लागतात. एकदा पार पलीकडच्या गावात, सुकापुरात सापडल्या. तेव्हापासून आजींचा मुलगा नि सून, म्हणजे दादा-वहिनी, कामाला जाताना जाळीच्या दरवाजाला बाहेरून कुलूप लावायचे. आत आजी आणि मी.

माणसं चांगली आहेत. पण कुलूप वाजलं की मी आधी ओट्याकडं धावायची. गॅसचं बटण पुन्हा पुन्हा बघायची. आग लागली तर आजींना घेऊन निघायचं कुठून? वहिनींना विचारायची हिंमत नव्हती, काम गेलं तर? आईला सांगावं तर ती तिकडं जेवण सोडून बसेल. तिला म्हणायची, मजेत आहे, पंखा आहे, टीव्ही आहे.

मावशी उरणकडच्या, दारावर मासळी घेऊन येतात. पापलेट काही जाळीतून आत येईना. बोंबील, मांदेली तेवढी पिशवी चपटी करून सरकवायच्या. "सुरमई तुज्या नशिबात नाय गो, ती रविवारी, दार उगडं असंल तवा." एकदा म्हणाल्या, "दिवसभर कोनाशी बोलतंस?"

"आजींशी."

"आन त्या?"

"मला त्यांची बहीण समजतात. भांडतात."

मावशी खूप हसल्या. पुढच्या खेपेला कॉलेजातल्या लेकीला घेऊन आल्या. लेकीनं माझा मोबाईल जाळीतून घेतला आणि जिन्यावर बसून ब्लॉग काढून दिला. आपण बोललं की अक्षरं उमटतात, तेही दाखवलं. "नाव नको घालू कोनाचं," मावशींनी बजावलं.

पहिलं लिहिलं ते बोंबील साफ करण्याबद्दल. आमच्या घरी मासळी कधी शिजलीच नाही, तो हातातून निसटला की मीच ओरडायची. ब्लॉगखाली कुण्या अनोळखी बाईनं लिहून विचारलं, "मग पुढं?" मला असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग कुलपाबद्दल लिहिलं. तोंडानं जे निघत नव्हतं ते तिथं निघालं.

लेकीनं ते मावशींना वाचून दाखवलं. रविवारी सुरमई कापता कापता मावशी वहिनींना म्हणाल्या, "अवो, पोरीला नि म्हातारीला कोंडून जाता. जाळ लागला तर आमी भायरून पानी मारायचं काय?"

मी ओट्याशीच होते.  वहिनी माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तू का नाही बोललीस?" मी सुरमईचे तुकडे धुवायला घेतले.

दुसऱ्याच दिवशी कुलूप गेलं. दाराला आतून, आजींचा हात पोचणार नाही अशी उंच कडी बसली. आता दार मी उघडू शकते. पण जाणार कुठं? आजींना सोडून खाली दूध आणायलाही उतरता येत नाही. उंबऱ्यात जरा उभी राहते, कडी घालते, लागली का ते परत बघते. म्हणून लिहिणं चालू आहे. वहिनींना ब्लॉगचं अजून माहीत नाही, ती धाकधूक वेगळीच.

मावशींच्या लेकीचं लग्न ठरलंय. ती सासरी गेली की मावशींना हे वाचून कोण दाखवणार? त्यांना अक्षरओळख नाही. मला सुट्टी मिळायला लागू द्या, मावशी. तुमच्या ओटीवर बसून मी तुम्हाला वाचायला शिकवीन. नववीपर्यंतचं तरी माझ्याजवळ आहे, ते सगळं तुमचं.