मकेलेसीने ऐकलेलं ‘थांब’

मकेलेसी आमच्या बेटावरच्या लौटोका शहराजवळच्या एका हॉटेलच्या धोबीघरात चादरींना इस्त्री करायची आणि संध्याकाळी चर्चच्या सभागृहात मुलींना कराटे शिकवायची. मी त्याच हॉटेलात वायरमन. चाळिशी जवळ आली तेव्हा तिच्या मनाने घेतलं, की मारामारीची एक फिल्म करायची. नऊ मिनिटांची, मोबाईलवर. राजधानीत, सुवाला, छोट्या फिल्मची स्पर्धा होती. हॉटेलने टाकून दिलेल्या चादरी रंगवून तिने कपडे शिवले, लाकडी कोयत्याला चांदीचा कागद चिकटवला, आणि खलनायिका म्हणून आतेबहीण उनाइसीला पकडून आणलं.

उनाइसी चटया विणून बाजारात विकायची. त्यांच्या रीतीत आते-मामेबहिणी म्हटल्यावर एकमेकींचा पाणउतारा करायची दोघींना जन्मापासून मुभा.

“तू हिरॉईन? बघणारे उठून घरी जातील गं!”

“म्हणून तर तुला घेतलंय. तुझ्या शेजारी मी बरी दिसते.”

मकेलेसीचा एक नियम होता. वर्गातल्या सहा वर्षांच्या पोरीलाही तो पाठ. समोरच्याने ‘थांब’ म्हटलं, की हात-पाय हवेत असले तरी थांबायचं.

शेवटची लाथ सावेनीच्या किनाऱ्यावर घ्यायची होती. मोबाईल माझ्याकडे, आवाज ऐकायच्या वायरीही माझ्याच कानात. सकाळपासून बारा-तेरा वेळा घेतली, पण दरवेळी लाथ खोटी दिसायची. भरती चढत होती, उभं राहायला वाळू उरली नव्हती. पुढच्या खेपेला उनाइसीचा पाय ओल्या वाळूत रुतला. तिने कोयता टाकला, हात वर केला.

“थांब, मके! थांब गं!”

मला स्वच्छ ऐकू आलं. मकेलेसी क्षणभर थबकलीही. मग तिने लाथ मारली.

उनाइसीचं गळ्याखालचं हाड मोडलं. दवाखान्यात मकेलेसी म्हणाली, “पाय घसरला तिचा.” उनाइसी वेदनेने पांढरी पडली होती, ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

आठवड्याने आम्ही फिल्म जोडायला बसलो. तो तुकडा आला. उनाइसीच्या चेहऱ्यावरची भीती इतकी खरी होती, की बघवत नव्हतं.

“आवाज काढू?” मी विचारलं.

मकेलेसी पडद्याकडे बघत राहिली. “काढ. ढोल टाक तिथे.”

मी टाकला.

सभागृहात फिल्म दाखवली तेव्हा त्या लाथेला लोकांनी बाकं बडवली. उनाइसी पहिल्या रांगेत होती, हात झोळीत. सगळे पडद्याकडे बघत होते, ती मान वळवून मकेलेसीकडे बघत होती. सुवाला त्याच लाथेसाठी बक्षीस मिळालं. मंचावर कुणीतरी विचारलं, “इतकं खरं कसं वाटलं हो?” मकेलेसी म्हणाली, “सराव.” परतीच्या बसमध्ये चार तास ती खिडकीकडे तोंड करून बसली होती.

त्यानंतरच्या गुरुवारी वर्गात दोन मुली झुंजत होत्या. एक ओरडली, “थांब!” दुसरी जागच्या जागी थांबली आणि शाबासकीसाठी मकेलेसीकडे बघू लागली. मकेलेसीने तोंड फिरवलं. मुलींना लवकर घरी पाठवून ती माझ्याकडे आली.

“मी ऐकलं होतं, प्रणील.”

“मीही.”

“मला वाटलं, हाच चेहरा हवाय. पुन्हा मिळणार नाही. एवढंच वाटलं मला. ती माझी बहीण आहे हे आठवलंसुद्धा नाही.”

शनिवारी रीतीप्रमाणे माफी मागायला, यंगोना या झुडपाच्या वाळलेल्या मुळ्यांची जुडी घेऊन आम्ही उनाइसीच्या घरी गेलो. मकेलेसीच्या वतीने तिचे काका बोलणार होते. ती दाराशीच मान खाली घालून बसली, मी तिच्या मागे. काकांनी जुडी पुढे ठेवून सुरुवात केली, “आमच्या पोरीच्या हातून अनवधानाने...”

“अनवधानाने नाही,” मकेलेसी म्हणाली. मोठं माणूस बोलत असताना मध्ये बोलणं किती वाईट, हे तिला ठाऊक होतं. “तिने थांब म्हटलं. मी ऐकलं. आणि मारलं.”

काकांचा चेहरा उतरला. उनाइसीचे वडील चटईकडे बघत राहिले.

“मला माहीत आहे,” उनाइसी म्हणाली. “ओरडणारी मीच होते ना! दवाखान्यात वाट बघितली, तू सांगशील. मग सभागृहातही वाट बघितली. तिथे तर माझा आवाजच नव्हता.” मग ती माझ्याकडे वळली. “आणि तू रे? वायरी तुझ्याच कानात होत्या ना?”

माझीही मान खाली गेली.

शेवटी उनाइसीच्या वडिलांनी जुडी उचलली, ओंजळी जुळवून टाळ्या वाजवल्या. क्षमा झाली. मुळ्या कुटून यंगोना पाण्यात कालवला, आम्ही प्यायलो. उनाइसी प्यायली नाही. हात दुखतो म्हणून आत जाऊन पडली.

मकेलेसीने बक्षीस परत पाठवलं, सोबत कारण लिहून. वर्गातल्या मुलींना जमिनीवर बसवून तिने झालेलं सगळं सांगितलं; दोन मुलींच्या आयांनी त्यांना वर्गातून काढून घेतलं. बाकीच्या येतात. उनाइसीचा हात आता खांद्यापर्यंतच वर जातो, रुंद चटया तिला झेपत नाहीत. रविवारी दुपारी मकेलेसी तिच्याकडे जाते आणि चटयांच्या काठासाठी पानांच्या पट्ट्या सोलून देते. पहिले तीन महिने उनाइसी तिच्याशी एक अक्षर बोलली नाही. परवा म्हणाली, “पट्ट्या जाड सोलतेस तू.” मकेलेसीने त्या सगळ्या पुन्हा सोलल्या.