थोरलीची चिठ्ठी धाकटीच्या माथी

वनस्पतिसंग्रहाच्या त्या लांबट खोलीत डिंकमावशीने तीस वर्षं कागदांवर वाळलेली फुलं चिकटवली, शेजारी नावाची चिठ्ठी लावली. दुपारचं ऊन सरकत टेबलावर आलं की तिला वाटे, ही सगळी नुसती डोळे मिटून पडलीत. हाक मारली तर उठतील.

त्यांतल्या दोन तिच्या लाडक्या, तिने नावं ठेवलेली थोरली आणि धाकटी. कूळ एक, जात मात्र निराळी. थोरली बांधावर, गटाराकाठी, कुठेही हातपाय पसरणारी, चिठ्ठीवर शेरा ‘सर्रास’. धाकटी फक्त कातळाच्या ओल्या खळग्यांत जीव धरणारी, शेरा ‘धोक्यात’. निळाई इतकी सारखी की भलेभले फसावेत. ओळख एकच, धाकटीच्या देठावर लव.

एका सकाळी संग्रहाच्या प्रमुख बाई फूल चिकटवलेला एक जुना कागद घेऊन आल्या. “मावशी, टेकडीमागचा कातळ खाणीला देतायत. दुपारी सुनावणी. तिथलं फूल सर्रास आहे, असं आपलाच कागद म्हणतो.”

मावशीने भिंग धरलं. देठावर लव होती. चिठ्ठी थोरलीची. आणि देठ बांधणारा टाका दुहेरी गाठीचा. तसा टाका खोलीत तिच्याशिवाय कोणी घालत नसे.

“माझ्या हातून चूक होत नाही,” हे तिने किती नव्या पोरींना सुनावलं होतं. आता गप्प बसली असती तर कोणाच्या बापाला कळलं नसतं.

तिने डोळे मिटले. खळग्यात साचलेलं आभाळ दिसलं, आणि त्याच्या काठाला नखाएवढ्या निळ्या पाकळ्या, हलणाऱ्या.

“बाई, चिठ्ठी चुकलीय. मी चुकवलीय.”

“तुम्ही?”

“मग काय डिंकाने?”

“तिथे चारचौघांत सांगावं लागेल.”

“सांगते की. तीस वर्षं नाक वर करून फिरले, एक दुपार मान खाली घालते. भिंग तेवढं घ्या, नाहीतर म्हणतील म्हातारी बरळतेय.”

सुनावणीत खाणवाला हसला, “मावशी, गवत ते गवत.”

“तुमच्या भावाच्या जागी तुम्हाला तुरुंगात टाकलं तर चालेल?” मावशी म्हणाली.

अधिकाऱ्याने बराच वेळ भिंगातून पाहिलं. नव्याने पाहणी होईपर्यंत कातळाला हात लावायचा नाही, असं त्याने लिहून दिलं.

संग्रहाचा नियम असा, की जुनी चिठ्ठी कधी खरवडायची नाही. नवी तिच्या शेजारी लावायची. म्हणजे चूक जन्मभर तिथेच. संध्याकाळी मावशीने नव्या चिठ्ठीला डिंक लावला, धाकटीचं नाव बोटाने हळूच दाबलं, आणि चूक कोणाची तेही खाली लिहिलं. ठळक अक्षरात.