सरांचा पूर्वपक्ष

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. समोरच्याची बाजू समोरच्यापेक्षा जोरात मांडणारा माणूस अख्ख्या पुण्यात मी एकच पाहिला, आणि ऐन वेळी त्याला एकटं पाडलं ते मीच.

ते आमचे निबंधाचे सर. आधी मी त्यांचा विद्यार्थी, मग त्याच शाळेत त्यांच्या हाताखाली नवखा शिक्षक. सर बसून शिकवत नसत. खिडकी ते दार, दार ते खिडकी, अखंड येरझारा. ‘गृहपाठ बंद करावा’ या विषयावर मी लिहिलं होतं, ‘गृहपाठ फार वाईट असतो.’ सर म्हणाले, “हे रडगाणं झालं. मुद्दा कुठाय? गृहपाठ हवाच म्हणणाऱ्याचं सगळ्यात दणकट कारण आधी लिही, मग त्याला उत्तर दे. झोपलेल्याला चीत करून कसली कुस्ती जिंकतोस?” समोरच्याची अशी आधी मांडलेली बाजू, तिला ते जुन्या पंडितांसारखं पूर्वपक्ष म्हणत. तो वर्गातच राहिला असता तर बरं. पण सर तो मंडईतही घेऊन जात. भाव करायला उभे राहायचे आणि सुरुवात करायचे, “तुमचंही बरोबर आहे म्हणा, टेम्पोचं भाडं वाढलंय, निम्मा माल उन्हानं सुकतो...” भाजीवाली म्हणायची, “मग वाढवूनच द्या की, काका!” आणि सर द्यायचे. घरी त्यांच्या पत्नी विचारायच्या, “अहो, भाजी आणायला गेला होतात की तिची वकिली करायला?”

मी शिक्षक झालो त्याच वर्षी सहामाही परीक्षेत पूर्वपक्ष रंगवता रंगवता बऱ्याच मुलांची वेळ संपली, उत्तर लिहायचं राहिलं, मार्क गेले. पालक चिडले. सरांकडून निबंधाचा तास काढून घ्या म्हणाले. सभा भरली. मुख्याध्यापिकाबाईंनी सरांना बोलायला सांगितलं आणि सरांनी, अर्थातच, पालकांच्या बाजूनं सुरुवात केली. “प्रयोग माझा, नुकसान मुलांचं. तपासणाऱ्याला वेळ नसतो. एकेका मार्कावर प्रवेश अडतो.” असं काही बोलले की पालकांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, “चला, म्हणजे आपलं एकमत आहे.” “अहो, थांबा, हा तर पूर्वपक्ष...” पण तोवर खुर्च्या सरकल्या होत्या, चहा आला होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं. पुढचं सगळं मला पाठ होतं. त्यावरच तर मी वाढलो होतो. मी बशीत चहा ओतला आणि फुंकर घालत बसलो.

सोमवारपासून तो तास मला मिळाला. मी मुलांना तयार निबंध उतरवून देऊ लागलो. मार्क छान पडले. ते अजून टोचतात.

परवा सर स्वारगेटला भेटले. लेकीकडे, कात्रजला राहतात आता. बस येत नव्हती आणि सर थांब्यावरही येरझारा घालत होते. “सर, त्या सभेत मी...” एवढंच तोंडातून निघालं. “थांब, आधी तुझी बाजू,” ते म्हणाले. “नोकरी कायम झालेली नव्हती. वडील अंथरुणाला खिळलेले. बाई समोर बसलेल्या. मी असतो तर मीही चहाच प्यायलो असतो.” इतकी माझी बाजू मलासुद्धा कधी मांडता आली नव्हती. मग बस आली. पायरीवर चढता चढता वळून म्हणाले, “आता याला उत्तर दे.”

बस गेली. मी तिथंच उभा.

सरांचं बोलणं अर्धंच झालंय, ते पुरं ऐकून घ्या, एवढं मी त्या सभेत उठून म्हणायला हवं होतं. ते मी अजून त्यांचं देणं लागतो.