बिस्किटांच्या डब्यातल्या कवड्या

आलापल्लीहून समुद्र किती लांब आहे, हे मला अजून नीट माहीत नाही. पण ऐंशीनंतरची काही वर्षं मी तिथं जंगलखात्यात कारकून होतो आणि माझ्या खोलीत जगभरच्या समुद्रांतल्या कवड्या होत्या. शाळेतला एक दोस्त जहाजावर कामाला लागला होता. तो बंदराबंदरांतून कापसात गुंडाळून कवड्या पाठवायचा. पूर्व आफ्रिकेच्या एकीच्या पाठीवर नकाशासारख्या रेषा होत्या. फिलिपाइन्सची एक पिकल्या पपईच्या रंगाची. एकीला म्हणे वाघकवडी म्हणतात, आणि तिच्यावर ठिपके सारे बिबट्याचे! जंगलखात्याच्या माणसाला हे कसं पटावं? तरी सगळ्यांत लाडकी तीच होती.

या नादानं मला सुख कमी आणि तगमगच जास्त दिली. टपालाची एसटी यायच्या आधी तासभर मी कचेरीच्या दारात येरझारा घालायचो. पार्सल आलं की आत फुटलं तर नसेल, म्हणून उघडायची भीती. सुताराकडून हौसेनं सागवानी पेटी करून घेतली, तर दोस्तानं लिहिलं की लाकडाच्या पेटीत कवडीची चमक जाते. झालं, जीव पुन्हा टांगणीला. मग बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. दिवसातून चारदा उघडायचो, पुसायचो, पुन्हा मांडायचो. रजेवर जातानाही तो खोलीत सोडायला मन धजेना. म्हणून त्या वर्षी पोळ्याला गावी गेलो तो डबा पिशवीत घालूनच.

गाव ब्रह्मपुरीजवळ. घरी मोठे भाऊ. आईवडील गेल्यावर धानाची शेती करून त्यांनीच मला शिकवलं. आमच्याकडे घरातला नोकरीवाला पोळ्याला बैलांसाठी साज आणतो. झूल म्हणा, घुंगरं म्हणा, काहीतरी. मी इतक्या वर्षांत काही नेलं नव्हतं. लक्षातच राहायचं नाही. सांगायला लाज वाटते, पण खरं कारण तेवढंच.

पोळ्याच्या सकाळीही मला घरात बसवेना. दोस्ताचं घर ब्रह्मपुरीत, त्याचं काही पत्र आलं का ते बघायला मी निघालो. कवड्या पुसता पुसता उठलो होतो, डबा खाटेवर उघडाच राहिला.

दुपारी परतलो तेव्हा भाऊ बैल घेऊन अंगणातून निघायच्या बेतात होते. रंगवलेली शिंगं, पाठीवर जुनीच झूल, आणि दोन्ही बैलांच्या गळ्यात कवड्यांच्या नव्या माळा. मी जवळ गेलो. बैलाच्या माळेसाठी कवडीची पाठ दगडावर घासून काढतात, म्हणजे तिच्यातून दोरी ओवता येते. मिरवायचं ते दातेरी तोंड. भाऊंनी रीतीप्रमाणे एकूण एक कवडी घासली होती. नकाशा गेला, पपई गेली, ठिपके गेले. पाट्यावर रंगीत पीठ तेवढं उरलं होतं.

माझं डोकं फिरलं. शेजारपाजारचे बघत असताना मी त्यांना अडाणी म्हणालो. शेणामातीत जन्म गेलेल्याला काय कळणार, असंही म्हणालो. ज्यांच्या जिवावर मी शिकलो त्यांना हे बोललो. त्या वेळी मला त्याचं काहीच वाटलं नाही, कवड्यांचंच वाटत होतं.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. घासून घासून त्यांची बोटं सोलली होती, ती त्यांनी धोतराला पुसली.

"मले वाटलं, या वर्षी तुनं बैलांसाठी आनल्या," ते म्हणाले. "सकारपासून गावाले सांगून राह्यलो."

मग त्यांनी दोन्ही माळा सोडल्या, माझ्या ओंजळीत ठेवल्या आणि कासरा धरून चालू लागले. ज्या गावाला सांगितलं होतं, त्याच गावासमोर आता ते मोकळ्या गळ्यांचे बैल तोरणाखाली नेणार होते. "राहू द्या, भाऊ," एवढंच मला म्हणायचं होतं. ते फाटकाबाहेर पडेपर्यंत वेळही होता. मी तेव्हा ओंजळीतल्या कवड्या उलटून उलटून पाहत होतो, एखादीची तरी पाठ शाबूत राहिली असेल म्हणून.